उरलेली भाकर

त्या आठवड्यात यशया मास्तर एका जागी बसले म्हणून नाही. बाजेवर टेकले की उठायचे, उठले की टोपी शोधायचे, आणि टोपी सापडली की कुठं निघालो होतो तेच विसरायचे. पस्तीस वर्षं मिशनच्या शाळेत पोरांना 'नीट बस' म्हणून दरडावलेला माणूस, आणि बासष्टाव्या वर्षी त्याला स्वतःलाच बसवत नव्हतं. शेजारची दगडाबाई म्हणायची, मास्तरांच्या पायाला भिंगरी लागलीय.

कारण साधं होतं. येत्या रविवारी कौठवाडीतल्या दोन मंडळ्या पहिल्यांदा एका मेजावरून प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस, घेणार होत्या.

कौठवाडी घोडेगावापासून तीन कोसांवर. ख्रिस्ती घरं सारी साठ-पासष्ट, पण देवळं दोन. वरच्या आळीत इंग्रजी मिशनचं, खालच्या आळीत अमेरिकन मिशनचं. वरचे गुडघे टेकून प्रभुभोजन घ्यायचे, खालचे बसून. वरच्यांना सगळ्यांत मिळून एक पेला, खालच्यांना प्रत्येकी एक चिमुकला. साहेब लोक केव्हाच आपापल्या देशाला निघून गेले, पण त्यांचे मतभेद मात्र गावाने नीट झाकून, वाळवी लागू न देता जपले होते. एकाच आजोबाची नातवंडं, पण नाताळात एकमेकांच्या देवळात पाऊल टाकायची नाहीत.

मग सत्तर साली तिकडं नागपूरला मोठी सभा भरली आणि सगळे पंथ एक झाले असं जाहीर झालं. नागपूरला झाले. कौठवाडीत ते ऐक्य दोन वर्षं कपाटात पडून होतं. ते बाहेर काढलं बहात्तरच्या दुष्काळाने. वरची आळी आणि खालची आळी एकाच खडी केंद्रावर समोरासमोर बसून दगड फोडू लागली, एकाच टँकरमागे धावू लागली, आणि रेशनवरच्या त्याच परदेशी लाल ज्वारीच्या, मिलोच्या, भाकरी चावू लागली. त्यात दोन्ही मंडळ्यांना मिळून एकच पाळक आला, धर्मगुरूचं शिक्षण नुकतंच संपवलेला, अंगाने काटकुळा आणि मनाने उतावळा. तो म्हणाला, दगड बरोबर फोडता, तर भाकरही बरोबर मोडा.

त्यावर चार बैठका झाल्या. खालच्या मंडळीचे पंच म्हणून यशया मास्तर आणि वरच्यांचे पंच म्हणून शांतवन चक्रनारायण. हे शांतवनराव पेन्शनीत निघालेले पोस्टमन. पत्ता अर्धा असेल तर पत्र परत पाठवणारा माणूस. दोघांनी तीस वर्षांत एकमेकांच्या घरचा चहा घेतला नव्हता. चार बैठकांत त्यांनी अकरा कलमं केली आणि कागद देवळाच्या दारावर चिकटवला. ज्याला गुडघे टेकायचे त्याने टेकावेत, ज्याला बसायचं त्याने बसावं, दुसऱ्याकडे पाहू नये, हे चौथं कलम. भाकर गव्हाचीच हवी, मिलो चालणार नाही, हे सहावं. नववं कलम शांतवनरावांच्या हट्टाचं होतं. प्रार्थना झालेली भाकर उरली तर ती घरी न्यायची नाही, टाकायची नाही, देवळाच्या आवारातच खाऊन संपवायची. आणि दहावं यशया मास्तरांच्या हट्टाचं. शिस्तीखालच्या माणसाचा हात लागलेली भाकर मेजावर येता कामा नये, आणि जो कोणी जाणूनबुजून ती वाढील किंवा खाईल तोही शिस्तीखाली जाईल. तुम्ही माझं नववं घ्या, मी तुमचं दहावं घेतो, असा सौदा झाला. ऐक्य ऐक्य म्हणतात ते असं झालं.

शिस्तीखाली म्हणजे काय, हे कौठवाडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ज्याच्या हातून मंडळीला न पटणारं काही घडलं, त्याने देवळात यावं, मागच्या चटईवर बसावं, गाणी म्हणावीत, पण मेजावरचं कापड उचलायच्या आधी उठून बाहेर लिंबाखाली जाऊन बसावं. परत यायचं असेल तर सगळ्यांसमोर उभं राहून 'माझं चुकलं' म्हणायचं. मग पंच पुढं होऊन आपला उजवा हात त्याच्या हातात देतात, आणि झालं, माणूस आत आला. बहुतेक जण सहा महिन्यांत चुकलं म्हणून मोकळे होत. मास्तरांची मुलगी मरियम मात्र नऊ वर्षं लिंबाखाली होती.

मरियमचा नवरा लग्नानंतर तीन वर्षांनी मुंबईला गिरणीत लागतो म्हणून गेला तो गेलाच. पत्र नाही, निरोप नाही. मेला असं कोणी सांगितलं नाही, जिवंत आहे असंही नाही. सहा वर्षं तिने वाट पाहिली. मग गावकुसाबाहेर मळा असलेल्या गोरक्ष नावाच्या शेतकऱ्याने, ज्याची बायको बाळंतपणात गेली होती, तिला विचारलं आणि तिने हो म्हटलं. देवळात नाही, कागदावर नाही, चार माणसांसमोर मोहतूर लावून दुसरं लग्न केलं. नवरा जिवंत असता दुसरं घर केलं, तेही ख्रिस्ती नसलेल्या माणसाचं, म्हणून मंडळीपुढं तिचा विषय आला. मास्तर तेव्हाही पंच होते. सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होते, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने वहीत तिचं नाव शिस्तीखाली लिहिलं. त्यांची बायको बनुबाई त्या दिवशी जेवली नाही. पण गावात केवढं नाव झालं. मास्तरांनी पोटच्या पोरीलाही सोडलं नाही, असं श्रीरामपूरपर्यंत लोक म्हणायचे. खरं सांगायचं तर मास्तरांना ते ऐकायला आवडायचं. पुढं बनुबाई वारली, घरात बोलायला कोणी उरलं नाही, तेव्हा ते त्या नावावरच दिवस काढत होते.

आणि आता गहू मिळेना. मास्तर सोमवारपासून घरोघर फिरले. साठ घरांत शेरभर गहू निघेना. ज्याच्या त्याच्या डब्यात लाल मिलो. घोडेगावच्या बाजारात गुरं कवडीमोलाने जात होती, पण गव्हाचा दाणा दिसत नव्हता. गावात गहू उभा होता तो एकाच ठिकाणी. गोरक्षच्या विहिरीला अजून हातभर पाणी होतं आणि त्यावर त्याने दोन वाफे गहू जगवला होता. टँकर आला नाही की दोन्ही आळ्या त्याच विहिरीवर जायच्या. मरियम रहाटाशी उभी राहून हंडे भरून द्यायची. तिचं पाणी सगळे पंच प्यायचे. शिस्तीच्या वहीत पाण्याचं कलम नव्हतं. एकटे मास्तर तेवढे कोसभर चालून सडकेवरच्या हापशावरून कळशी आणायचे.

बुधवारी त्याच वाटेने येताना त्यांना तो गहू दिसला. पिवळा पडून काढणीला आलेला. त्यांनी नेहमीसारखी मान फिरवली, पण पाय काही पुढं जाईनात. मरियम बांधावर उभी होती. नऊ वर्षांत ते तिच्याशी बोलले नव्हते असं नाही. बरी आहेस का, पोरी बऱ्या आहेत का, एवढं सडकेवर उभ्या उभ्या व्हायचं. त्या दिवशी मास्तरांनी कळशी खाली ठेवली. पाळकाने त्यांना सकाळीच छेडलं होतं. मास्तर, ऐक्याच्या रविवारी तुमची मुलगी लिंबाखाली बसणार का?

"मरियम," ते म्हणाले, "रविवारी ये. उभी राहा. चुकलं एवढा एक शब्द बोल. मी हात पुढं करतो. सगळं मिटेल."

मरियमने डोक्यावरचा पदर नीट केला. तिची थोरली पोर वाफ्यात चिमण्या हाकत होती, तिच्याकडे ती बघत राहिली.

"अण्णा, म्या लई येळा म्हनून पायलं हाय ते. घरात, एकटीनं. न्हाई येत. मी चुकलं म्हनलं तर ह्या दोगी कोन? आन त्यो मानूस कोन, ज्यानं आईच्या मयताला खांदा दिला आन तुमी त्याच्याकडं बघितलं बी न्हाई? तुमीच मास्तर हाय. मला सांगा, नेमकं काय चुकलं म्हनू?"

 व्याकरणापासून क्षेत्रफळापर्यंत कशालाही ज्यांच्याकडे उत्तर असायचं, ते मास्तर कळशी उचलून निघाले, आणि घरी आल्यावर कळलं की अर्धं पाणी वाटेतच सांडलं आहे.

तिथून जी तगमग सुरू झाली ती थांबेना. पोरगी चुकली असेल तर ती चुकलं म्हणत नाही याचा राग यायला हवा होता. पण राग येत होता तो त्या बांधावर स्वतः गप्प राहिल्याचा. आणि ती चुकली नसेल तर? तर नऊ वर्षं काय केलं आपण? हा विचार आला की मास्तर बाजेवरून उठायचे आणि टोपी शोधायचे.

शुक्रवारी आणखी एक घोळ झाला. प्रभुभोजनाची भाकर भाजण्याचा मान खालच्या मंडळीत एकाच बाईचा असे. आधी तो बनुबाईचा होता, तिच्यामागं दगडाबाईकडं आला. दगडाबाईची भाकर फुगायची, एका अंगाने करपायची, पण विधवा बाई, श्रद्धेची, कोणी बोलायचं नाही. तर ह्या दगडाबाईचा उजवा हात खडी फोडताना घणाखाली सापडला. दोन बोटं चेचली. फडकं गुंडाळून ती दारात उभी राहिली, तेव्हा मास्तर म्हणाले, आता कसं? गहू नाही, हात नाही.

"गव्हाची काळजी सोडा मास्तर," दगडाबाई म्हणाली. "भाकर येईल रविवारी."

कुठून येईल, हे विचारायला मास्तरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. आजवर त्यांनी मंडळीत कोणाला काही न विचारता सोडलं नव्हतं. वर्गणी का चुकली, उपासनेला का आला नाहीस, लग्नात ताशा का लावलास. तो माणूस त्या दिवशी दगडाबाईच्या फडक्याकडे पाहत म्हणाला, हाताला हळद लाव. आणि घरात गेला. नंतर दोन दिवस त्याच एका गोष्टीने त्यांना खाल्लं. जाणूनबुजून हा शब्द दहाव्या कलमात त्यांनीच घातला होता. माणूस मुद्दाम विचारत नाही, तेव्हा ते जाणूनबुजून धरायचं की अजाणता? शाळेत कोणी असं विचारलं असतं तर त्यांनी त्याला छडी दिली असती.

रविवारी खालच्या आळीचं देऊळ भरून गेलं. वरची आळी आली, पण एका अंगाला बसली. मध्ये हातभर जागा मोकळी होती, तिच्यात कोणी बसेना. शांतवनराव धुतलेल्या कोटात पहिल्या रांगेत, काठी मांडीवर. गाणी झाली. पाळकाचं भाषण लांबलं, कारण त्याला दोन्ही बाजूंचं मन राखायचं होतं. मास्तर पुढं पंचाच्या जागी उभे होते, आणि त्यांना मागची चटई स्वच्छ दिसत होती. दारूपायी शिस्तीखाली गेलेले दोघे, नेहमीचेच. आणि त्यांच्यापासून जरा दूर, भिंतीला टेकून, मरियम.

ती यायची तशी कधीमधी. पण त्या दिवशी तिला पाहून मास्तरांनी गाण्यांचं पुस्तक डाव्या हातात घेतलं आणि उजवा मोकळा ठेवला. एक क्षण वाटलं, उठेल ती. म्हणेल. पण ती उठली नाही, आणि वेळ झाली तसं मास्तरांना ते वाक्य म्हणावं लागलं. ते वाक्य म्हणणं पंचाचंच काम होतं.

"शिस्तीखालच्या भावाबहिणींनी आता बाहेर बसावं."

 मरियम दोघांच्या मागून बाहेर गेली. पायातल्या जोडव्यांचा फरशीवर आवाज झाला तेवढाच. पाळकाने मेजावरचं पांढरं कापड उचललं.

पितळी ताटात दोन जाड भाकरी होत्या. करपलेल्या नाहीत, फुगलेल्या नाहीत, दोन्ही अंगांनी सारख्या भाजलेल्या. आणि वरच्या बाजूला बाभळीच्या काट्याने टोचलेलं टिंबांचं एक कडं, आणि त्या कड्याच्या मधोमध एकच टोचा. मास्तरांनी तीस वर्षं ते कडं पाहिलं होतं. भाकर फुगू नये म्हणून बनुबाई तशी टोचायची. दर वेळी ताट झाकताना ती विचारायची, मीठ कमी पडलं का हो? आणि दर वेळी मास्तर घरच्या भाकरीचा तुकडा चावून सांगायचे, हो, कमी पडलं. खरोखरच कमी पडलेलं असायचं. खोटं बोलणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. ते काट्याचं कडं आईपाशी बसून एकीनेच शिकलं होतं, आणि ती आत्ता लिंबाखाली बसली होती.

म्हणजे कळलं. आता न कळल्याचं सोंग नव्हतं.  एक हात वर करायचा आणि सांगायचं, थांबा. मग काय होईल तेही डोळ्यांसमोर दिसत होतं. शांतवनराव काठी टेकत उठतील, त्यांच्यामागं सगळी वरची आळी उठेल, मधली हातभर जागा पुन्हा गावभर होईल, आणि मरियमचं नाव दोन्ही आळ्यांत थुंकलं जाईल. आणि गप्प राहायचं तर नऊ वर्षांपूर्वी वहीत लिहिलेलं ते नाव कशासाठी लिहिलं? तिच्यासाठी जो नियम वाकला नाही, तो आता तिच्या भाकरीसाठी वाकवायचा?

पाळकाने प्रार्थना करून भाकर मोडली आणि ताट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते घेतलं. बस्स, एवढंच झालं. हातांनी ताट घेतलं आणि पाय रांगेकडे वळले, मास्तर मागून गेल्यासारखे. वरचे गुडघे टेकून होते, खालचे बसून होते, आणि चौथं कलम मोडून सगळे एकमेकांकडे पाहत होते. मास्तर एकेकासमोर ताट धरत गेले. शांतवनरावांनी डोळे मिटून तुकडा तोंडात घेतला आणि बराच वेळ चावला. वर्षभर मिलो खाल्लेल्या तोंडाला गव्हाची चव लागली होती. दगडाबाईने डावा हात पुढं केला आणि मास्तरांच्या नजरेला नजर दिली नाही. शेवटी पाळकाने मास्तरांपुढं ताट धरलं. त्यांनी तुकडा घेतला आणि खाल्ला. मीठ कमी पडलं होतं.

त्यांना रडू आलं. बनुबाईच्या मयतात आलं नव्हतं ते चारचौघांत, पंचाच्या जागी उभं असताना आलं. द्राक्षरस फिरला, शेवटची प्रार्थना झाली, लोक उठू लागले, तेव्हा मास्तर म्हणाले, "बसा. मला बोलायचं आहे."

लोक बसले.

"ही भाकर दगडाबाईंची नाही. माझ्या मरियमनं भाजलेली आहे, तिच्याच गव्हाची. कापड उचललं तेव्हाच मी ओळखली. मी बोललो नाही. तुम्हाला वाढली आणि मी खाल्ली. तुम्हाला ठाऊक नव्हतं, तुमच्याकडे दोष नाही. मला ठाऊक होतं. दहावं कलम माझंच आहे. आजपासून मी शिस्तीखाली."

त्यांनी टोपी उचलली आणि मधल्या त्या हातभर मोकळ्या जागेतून चालत दाराकडे गेले. मागं गलका उठला. कोणी म्हणत होतं, आम्हाला फसवलं. कोणी म्हणत होतं, दगडाबाईला विचारा. दगडाबाईचा आवाज सगळ्यांच्या वर चढला, तिने पाणी दिलं ते गोड लागतं का, तिच्या विहिरीत काय मंडळीची परवानगी घेऊन पाणी येतं? मास्तरांनी मागं पाहिलं नाही. नऊ वर्षं ज्या दारातून ते लोकांना बाहेर पाठवत होते, त्या दाराचा उंबरा इतका उंच आहे हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. ठेच लागली.

लिंबाखाली फाटकी चटई होती. दारूवाल्या दोघांनी त्यांना येताना पाहिलं आणि त्यातला एक चपापून उठला. "मास्तर, तुमी हितं?"

"बस," मास्तर म्हणाले. "मलाही इथंच बसायचं आहे."

मरियम उभी राहिली होती. आतलं सगळं खिडकीतून ऐकू आलं होतं.  "अण्णा, ही काय गत करून घेतली? म्या दगडामावशीसाठी केलं. तिचा हात चालत न्हवता. तुमाला कळंल असं वाटलं न्हवतं."

"काट्याचं कडं," मास्तर म्हणाले.

"हाताला तीच सवय हाय."

 आत कोणीतरी दारावरचा कागद काढून मोठ्याने वाचत होतं. मास्तर तिच्यासमोर उभे होते आणि परत यायची रीत त्यांच्याइतकी कोणाला पाठ नव्हती. आधी उभं राहायचं. ते उभे होतेच. मग सांगायचं.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "नेमकं काय, ते तू विचारलंस. मी नाव लिहिलं आणि लोकांनी वाहवा केली, ती मी घेतली. ते चुकलं."

आता रीतीप्रमाणे पंचाने उजवा हात पुढं करायचा असतो. पण पंच तर शिस्तीखाली उभा होता. मास्तरांचे दोन्ही हात खाली लोंबत होते. मरियमने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. तव्याला लागून बोटांवर फोड आला होता. तिने तो पदराला पुसला आणि पुढं केला. कोण कोणाला आत घेत होतं, हे अकरा कलमं करणाऱ्या माणसालाही सांगता आलं नसतं. त्यांनी तो हात धरला आणि फोडाला लागू नये म्हणून सैल धरला.

देवळातून लोक बाहेर पडायला लागले. वरच्या आळीतले बरेच जण लिंबाकडे न बघता तरातरा वर निघून गेले. खालच्यातलेही काही गेले, रागाने पाय आपटत. ऐक्य तिथंच संपलं असं वाटलं. मग शांतवनराव दारात दिसले. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पितळी ताट, आणि तोंड चालू होतं. ते उंबरा उतरले, सावकाश चटईपाशी आले आणि घास गिळून झाल्यावर बोलले.

"अर्धी भाकर उरलीय. नववं कलम. घरी न्यायची नाही, टाकायची नाही. आत कोणी हात लावीना, पाळक नुसते कागद उलटा-सुलटा करतायत. मी एक तुकडा खाल्ला. आता ठाऊक असून खाल्ला, म्हणजे तुमच्या दहाव्या कलमानं मीही इथलाच. सरका जरा, गुडघे दुखतात."

मास्तर सरकले. शांतवनराव कण्हत खाली बसले, काठी बाजूला ठेवली आणि ताट मधोमध मांडलं. दारूवाल्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. दगडाबाई येऊन कोपऱ्यावर टेकली. पाळक दारात घुटमळत उभा होता. त्याच्या हातातला कागद वाऱ्याने हलत होता, पण तो काही परत आत गेला नाही.

"जिनं भाजली तिला मिळाली का?" शांतवनरावांनी विचारलं.

 नऊ वर्षं तिला मिळाली नव्हती. मास्तरांनी ताटातून एक तुकडा घेतला, कड्याचे दोन-तीन टोचे असलेला, आणि उजव्या हाताने पुढं धरला.  मरियमने आधी बापाकडे पाहिलं, मग देवळाच्या दाराकडे, आणि तुकडा घेऊन तोंडात टाकला. डोळे पुसत तिने तो चावला. आई घरात विचारायची तसंच मग तिने विचारलं.

"मीठ कमी पडलं का हो, अण्णा?"

कमी पडलं होतं. आयुष्यात कधी खोटं न बोललेले यशया मास्तर म्हणाले, "नाही पोरी. बरोबर पडलंय."